चोराने टाकून दिलेलं सोनं

आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर सोनं झाडलं, पण अंगावर कधी घातलं नाही. मी त्यांना पाहिलं तेव्हापासून त्यांचे कान, गळा, हात सगळं मोकळंच. कोणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "सोन्याच्या मागे फिरणाऱ्या बाईनं सोनं घातलं, की लोकांना वाटतं आमचंच घातलंय."

त्यांचा धंदा झारेकऱ्याचा. हा शब्द आता सोनारांच्या मुलांनाही ठाऊक नसतो, म्हणून सांगते. सोनार दागिना कापतो, घासतो, त्याला कानस मारतो, तेव्हा सोन्याचा कीस उडतो. बराचसा तो गोळा करून ठेवतो. पण थोडा हवेत जातो, थोडा पायांना चिकटतो, फरशीच्या फटीत बसतो, हात धुतलेल्या पाण्याबरोबर मोरीत उतरतो. तो सगळा कचरा विकत घ्यायचा, जाळायचा, चाळायचा, धुवायचा आणि त्यातून सोनं काढायचं. सोनारांच्या गल्लीतल्या निम्म्या दुकानांचा कचरा सासूबाईंनी ठरवून घेतलेला होता. कचरा न्यायला येणारी बाई वर पैसे देऊन जाते, हे पाहून गल्लीतली नवखी माणसं हसायची. जुनी माणसं हसत नसत.

सकाळी दुकानं उघडायच्या आधी त्या गल्लीत हजर. हातात आखूड केसांचा ब्रश, खांद्यावर पोतं. आधी फरशीचे कोपरे, मग बाकांचे पाय, मग पायपुसणी. पायपुसणं झटकायचं नाही, घडी घालून तसंच पोत्यात टाकायचं आणि त्या बदल्यात नवीन द्यायचं, हा त्यांचा नियम. पोतं घरी आलं की मागच्या अंगणात लोखंडी घमेल्यात सगळं भाजायचं, म्हणजे केस, दोरे, कागद जळून जातात. मग चाळण. मग लोहचुंबक फिरवून लोखंडाचा चुरा वेगळा. उरलेली काळी धूळ उथळ ताटात घेऊन त्या पाण्यात गोल गोल फिरवत बसायच्या. हलकं वाहून जायचं, जड राहायचं. शेवटी ताटाच्या कडेला पिवळी रेघ दिसली की त्या मान वर करायच्या. तोवर दारात कोणीही येऊन उभं राहो, बघायच्या नाहीत.

पूर्वी झारेकरी सोन्याचे कण धरायला घरीच पारा वापरायचे. माझ्या सासऱ्यांचे हात थरथरायला लागले ते त्यानेच, असं डॉक्टर म्हणाले आणि सासूबाईंनी त्या दिवशी पारा घराबाहेर काढला. सासरे गेले तरी तो परत आला नाही. तेव्हापासून धुतलेला माल गल्लीच्या टोकाला भट्टीवाले काका होते, त्यांच्याकडे जायचा. ते वितळवून त्याचा मणी करून द्यायचे. मणी विकून घर चालायचं, आणि त्यातला कणभर भाग सासूबाई बाजूला ठेवायच्या. अशा कणाकणांचा मिळून एक गोळा झाला होता, लहान सुपारीएवढा. एका बाजूने चेपलेला, मळकट, कसलीच चकाकी नाही. तो त्या कपाटावरच्या बशीत ठेवायच्या, बटणं, टाचण्या आणि तुटक्या किल्ल्यांच्या सोबतीला. बघणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी कपाटाची पितळी मूठ तुटून पडलीय.

माझा धंदा त्यांच्या बरोब्बर उलटा. मी मोबाइल दुरुस्त करते. लग्नाआधी बस स्टँडजवळच्या एका दुकानात काउंटरवर बसायचे, काचा बदलायचे, चार्जिंगची भोकं साफ करायचे. माझा नवरा पार्सलची गाडी चालवतो. तो फुटलेली काच घेऊन आला. पुढच्या महिन्यात परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला कळलं, पडतोय तो फोन नाही.

सासूबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला, "काय करतेस?"

"मोबाइल दुरुस्त करते."

"किती दिवस टिकतो तुझा दुरुस्त केलेला?"

"वर्ष, दोन वर्षं."

"आणि नवा?"

"तोही तेवढाच," मी खरं ते सांगितलं.

त्या हसल्या. "खोटं तरी बोलत नाहीस," म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. आमचं जमलं ते तिथेच. पण फोन ही वस्तू त्यांना कधी पटली नाही. त्यांच्या हिशेबी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी. एक, जी ठेवली तर राहते. दुसरी, जी ठेवली तर मरते. दूध, भाजी आणि मोबाइल ह्या दुसऱ्या प्रकारात.

नवऱ्याचं बरोबर त्या दुसऱ्या प्रकारावर प्रेम. नवीन फोन आला की त्याला झोप लागायची नाही. गाडी सिग्नलला थांबली तरी शेजारच्याच्या हातातला फोन कोणता, ते बघायचा. एके वर्षी त्याने सगळ्यात महागातला घेतला. खोका उघडला, तेव्हा वरचं प्लास्टिक असं हळुवार काढत होता की मीच जरा अवघडले. सासूबाईंनी किंमत विचारली. त्याने सांगितली. त्या खाली बसल्या.

"नाकापेक्षा मोती जड, बाळ्या."

"आई, सगळं ह्यातच असतं आता. बँक, नकाशा, गाणी, कॅमेरा."

"उद्या विकलास तर काय येईल?"

"विकायला कोण घेतं?"

"मग मेल्यावर काय उरतं?"

त्याने कपाटाकडे बोट दाखवलं. "आणि तुझा तो गोळा? वर्षानुवर्षं पडून आहे. त्याचं काय काम?"

"पडून राहणं हेच त्याचं काम," सासूबाई म्हणाल्या.

इथवर सगळं मजेमजेत चाललं होतं. मग गल्ली बदलली. मोठ्या कारखान्यांतून यंत्रावर केलेले दागिने तयार येऊ लागले, तशी एकेक हातकामाची खोली बंद झाली. जी राहिली त्यांनी प्रत्येक बाकाला धूळ ओढणारी यंत्रं बसवली. फरशीच्या जागी अखंड पत्रा आला, त्याला फटच नाही. सासूबाई पोतं घेऊन जायच्या आणि तळाशी मूठभर कचरा घेऊन परत यायच्या. तो धुतला तरी ताटाच्या कडेला रेघ उमटायची नाही. एका सोनाराने तर त्यांना सांगितलंच, "आता नका येऊ. आमचं यंत्र तुमच्यापेक्षा स्वच्छ झाडतं." हे त्यांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी ब्रश धुऊन उलटा वाळत घातला आणि पुढचे काही दिवस तो तिथेच होता.

मग एक दिवस भट्टीवाल्या काकांनी त्यांना काहीतरी सांगितलं. त्या गल्लीतून आल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी. तोवर मी घरीच काम करायला लागले होते. खिडकीजवळ टेबल, त्यावर भिंग, सोल्डरची बंदूक, आणि खणात गिऱ्हाइकांचे फोन, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावलेली.

"अगं, तुझ्या ह्या खेळण्यांत सोनं असतं?"

"असतं थोडं. आतल्या पट्टीवर जिथे जोड येतात, तिथे मुलामा असतो."

"सोन्याचा?"

"हो. गंजत नाही ना, म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं तू खाणीत बसून काचा पुसत होतीस?"

मी समजावलं, की एका फोनमध्ये डोळ्याला दिसेल न दिसेल इतकंच असतं. पण हे मी सांगत होते कोणाला? ज्या बाईने पायपुसण्यातून घर चालवलं, तिला. दुसऱ्या दिवशी त्या भंगारवाल्याकडून मेलेल्या फोनचं पोतं घेऊन आल्या आणि अंगणात ओतलं. त्यात बटणांचे जुने फोन होते, चपटे होते, काही असे तुटलेले की बघवेना. सासूबाईंनी मांडी घातली, हातोडी घेतली आणि एकेक फोडायला सुरुवात केली. मी आत होते. फट फट आवाज येत होता. मग एक वेगळाच आवाज आला, फुस्स असा, आणि त्यामागून त्यांची हाक.

बॅटरी फुटली होती. पांढरा धूर, त्यातून जाळाची जीभ, आणि सासूबाई एका हाताने तोंड झाकून दुसऱ्या हाताने बाकीचे फोन लांब सारत होत्या. पळून जायचं सोडून माल वाचवत होत्या! मी रेतीची बादली उपडी केली. जाळ विझला. त्यांच्या बोटांना चटका बसला होता, भुवईचे थोडे केस गेले होते.

"सोनं असं पेटत नाही कधी," त्या नळाखाली हात धरून म्हणाल्या.

त्या दिवशी आमच्यात करार झाला. फोन मी उघडणार, बॅटरी मी काढणार. सोनं सोडवायचं अ‍ॅसिड घरात येणार नाही. आतल्या पट्ट्या त्या भट्टीवाल्या काकांना देतील, आणि काका त्या धातू गाळणाऱ्या मोठ्या कारखान्याकडे पाठवतील, जिथे धूर ओढायची सोय असते. सासूबाईंना हे सगळं मिळमिळीत वाटलं, पण भुवई आठवून त्या हो म्हणाल्या.

मग दुपारच्या वेळी आम्ही दोघी समोरासमोर बसायला लागलो. मधे फोनचा ढीग. मी उघडायचे, त्या पट्ट्या वेगळ्या करायच्या, पिवळ्या कडा बघून प्रतवारी लावायच्या. आणि इथेच भांडण सुरू झालं. कारण फोन उघडला की मला त्याचा आजार दिसतो. एकदा असाच एक हाती आला, नुसती एक तार सुटलेली. मी जोडली. फोन जागा झाला, वाजायला लागला.

"हे काय केलंस?" सासूबाई दचकल्या.

"चालू झाला."

"आपल्याला मोडायचेत. जोडायचे नाहीत."

तो फोन मी पुसून, नवी काच लावून विकला. अख्ख्या पोत्यातल्या सोन्याचं जे आलं असतं, त्याहून त्या एका फोनचे जास्त आले. मी पैसे त्यांच्यापुढे ठेवले. त्या आनंदी होतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या.

"आत सोनं आहे, ते कोणी विचारत नाही. आणि डब्याला एवढे पैसे?"

"डब्याला नाही, आई. चालतो म्हणून."

"शेजारची म्हातारीपण चालते. तिला कोण विकत घेतं?"

दुसऱ्या दिवशी ढिगाचे आपसूक दोन ढीग झाले. त्या फोन हातात घ्यायच्या, उलटसुलट करायच्या आणि माझ्याकडे न बघता विचारायच्या, "हा मरणारा की जगणारा?" मी सांगेन त्या ढिगात टाकायच्या. जगणाऱ्यांचा ढीग लहान असायचा, पण घर त्याच्यावर चालायला लागलं. हे त्यांना कळत होतं, आणि कळतंय हे त्या कोणाला कळू देत नव्हत्या.

चोरी झाली ती भर दुपारी. नवरा गाडीवर होता. मी काचा आणायला बाजारात गेले होते, सासूबाई भट्टीवर. आधी मी पोचले. कुलूप तुटून लोंबत होतं. टेबलाचा खण बाहेर ओढलेला आणि रिकामा. गिऱ्हाइकांचे फोन, दुरुस्त करून ठेवलेले फोन, माझा स्वतःचा जुना, सगळे गेले. चिठ्ठ्या तेवढ्या फरशीवर पडल्या होत्या, नावांसकट. मी तिथेच खाली बसले आणि रडायला लागले. लोकांनी विश्वासाने दिलेल्या वस्तू. आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

सासूबाई आल्या. दारातूनच त्यांनी कपाटाकडे पाहिलं. बशी खाली पडून फुटली होती, बटणं विखुरली होती. त्यांचा चेहरा असा झाला, जसा मी सासरे गेले तेव्हाही पाहिला नव्हता. त्यांनी दाराशी चपला काढल्या, आत जाऊन ब्रश आणला आणि म्हणाल्या, "कोणी पाय हलवू नका."

मी रडायची थांबले. त्या भिंतीपासून सुरुवात करून आत झाडत आल्या. कपाटाखालून, पलंगाखालून, टेबलाच्या पायांमधून. घाई नाही. जणू गल्लीतलंच दुकान. सुपलीत काय काय आलं, बटणं, टाचण्या, बशीचे तुकडे, माझे हरवलेले बारीक स्क्रूदेखील. गोळा नव्हता. त्या उठल्या, पाणी प्यायल्या आणि दाराकडे वळल्या. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, दार आणि भिंतीच्या कोपऱ्यात गोळा पडलेला होता.

म्हणजे चोराने तो उचलला होता. दारापर्यंत नेला होता. उजेडात बघितला असेल, नखाने खरवडला असेल, आणि टाकून दिला.

सासूबाईंनी तो पदराला पुसला आणि मुठीत धरला. मला वाटलं आता रडतील. तर म्हणाल्या, "मेल्याला सोनं कळलं नाही?"

त्यांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण अपमान जास्त झाला होता. पोलीस आले, एक वयस्कर हवालदार होता, त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "सोनंनाणं काय काय गेलं?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्याला आवडलं नाही."

हवालदार लिहिता लिहिता थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली.

संध्याकाळी नवरा घरी आला. त्याला सगळं कळलं तसा तो उठला, आपला महागातला फोन काढून टेबलावर ठेवला. "हा विकू. निदान थोड्या लोकांचे भागतील." दुसऱ्या दिवशी तो आणि सासूबाई दोघे बाजारात गेले. मी घरी होते, मला त्याने नंतर सांगितलं. दुकानदाराने फोन उलटा करून एक ओरखडा दाखवला, मग दुसरा, मग म्हणाला ह्याच्यानंतर दोन नवे आले आता, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून नवरा चाट पडला. आता आई बोलणार, असं त्याला वाटलं. मेल्यावर काय उरतं, म्हणून विचारलेलं तिने. बोलायचा तिला हक्क होता.

सासूबाईंनी फोन उचलून त्याच्या खिशात घातला. "ठेव तुझ्याकडे. ह्यात काही येत नाही, आणि तुला ह्याच्याशिवाय करमत नाही."

तिथून त्या सरळ भट्टीवर गेल्या. नवऱ्याने गाडीवर जाता जाता फोन केला, तशी मीही मागून पोचले. त्यांनी गोळा काकांच्या समोर ठेवला.

"अर्धा काप."

काकांनी गोळा ओळखला. त्यातला कण न् कण त्यांच्याच भट्टीतून गेलेला. "नीट विचार केलास ना?"

"काप म्हटलं ना."

मी मधे पडले. "आई, हे माझ्या धंद्यातलं नुकसान आहे. मी बघते काय ते. हळूहळू करीन भरपाई."

"घर माझं, कुलूप माझं, तेही गंजलेलं," त्या म्हणाल्या. "सोनं सोन्यासाठी नाही साठवलं मी. अडीनडीसाठी साठवलं. ही अडच आहे ना? का आणखी मोठी येणार आहे असं तुला कोणी सांगितलंय?"

काकांनी छिन्नी लावली, हातोडी मारली. गोळा पहिल्यांदा दबला, मग फाटला. आतून मात्र असा पिवळाधमक निघाला की आम्ही तिघंही बघत राहिलो. काका सवयीने बाकावरचे कण गोळा करायला ब्रश उचलत होते. सासूबाईंनी हात पुढे केला. काकांनी ब्रश दिला. सासूबाईंनी बाक झाडला, कण कागदावर घेतले, पुडी बांधली आणि काकांच्या तराजूत अर्ध्या गोळ्याशेजारी ठेवली. "हे पण धर."

मग त्या माझ्याबरोबर एकेका गिऱ्हाइकाकडे आल्या. मी एकटी जाईन म्हटलं तर ऐकेनात. हॉस्पिटलातली एक नर्स होती, ती म्हणाली, "जाऊ दे, जुनाच होता," आणि अर्धेच पैसे घेतले. कोपऱ्यावरचा शिंपी मात्र त्याचा फोन किती भारी होता हे रोज नव्याने आठवून सांगायला लागला. त्याचे पैसे चुकते करून बाहेर पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चोर एकदाच आला, ह्याचं काही संपेना."

कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती, तिच्याकडे मात्र अवघड झालं. सासूबाईंनी पैसे पुढे केले. तिने बघितलेही नाहीत. "मावशी, मला फोन नकोय. त्यातलं हवंय."

"काय होतं आत?"

"सगळंच," ती म्हणाली आणि रडायला लागली. बाबांचे आजारपणातले फोटो, मैत्रिणीशी झालेलं बोलणं, कॉलेजचा अभ्यास, काय काय सांगत होती. सासूबाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही. पण त्या बसून राहिल्या, तिचं बोलणं संपेपर्यंत. पैसे तिच्या आईच्या हातात दिले.

परत येताना घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "माझा गोळा गेला असता तर नुसता गोळा गेला असता. त्याच्यात दुसरं काही ठेवलेलं नव्हतं."



त्यानंतर त्यांनी आधी दार बदललं. मग मला गल्लीत एक काउंटर बघून दिला, हातकामाची जी खोली बंद झाली होती त्यातलाच अर्धा भाग. भिंतीत जुनी लोखंडी तिजोरी होती, मालकाने उपटायचा कंटाळा केला म्हणून राहिलेली. सोनाराच्या त्या तिजोरीत मी रोज संध्याकाळी फोन ठेवते. सासूबाई समोर स्टुलावर बसायला लागल्या. गल्लीतल्या इतर मोबाइलवाल्यांकडून त्या मेलेल्या पट्ट्या गोळा करतात. भाव पाडून घेतात, आणि कोणी कटकट केली तर त्याची फरशी बघून सांगतात, "आधी झाडायला शीक." हातात ब्रश असतोच. पोतं जाऊन पिशवी आलीय.

वर्ष उलटून गेल्यावर पोलिसांचा निरोप आला, चोर दुसऱ्याच कुठल्या भानगडीत सापडला होता. त्याच्याकडून आमचे दोनच फोन मिळाले. एक त्या नर्सचा. तिने नवा घेतला होता, तिला परत घ्यायचा उत्साह नव्हता. दुसरा त्या मुलीचा. ती धावत आली. मी तो तिच्या हातात दिला, तिने चालू केला, इकडेतिकडे बोटं फिरवली. आतलं सगळं पुसलेलं होतं, नव्यासारखा कोरा. ती फोन काउंटरवर ठेवून म्हणाली, "राहू दे ताई. हा माझा नाही आता." भरपाईचे पैसे परत देते म्हणाली. सासूबाईंनी घेतले नाहीत.

ती गेल्यावर मी फोन उचलला. "आई, चांगला आहे. विकला जाईल."

"काच धड आहे?"

"हो."

"आवाज येतो?"

"सगळं चालू आहे."

"मग मला दे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्या खरंच घेऊन बसल्या. फोन कसा उचलायचा आणि टॉर्च कसा लावायचा, ह्या दोनच गोष्टी आधी शिकल्या. टॉर्च त्यांना फार आवडला. कपाटाखाली उजेड पडतो म्हणून. नंतर नवऱ्याने त्यांना फोनवरूनच सोनं घेता येतं हे दाखवलं. एक बटण दाबलं की तुमच्या नावावर इतकं इतकं सोनं. त्या म्हणाल्या, "दाखव." त्याने आकडा दाखवला. त्यांनी काचेवर अंगठा घासला आणि अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "तुझ्या नावावर राहू दे," म्हणाल्या.

आता रोज सकाळी काउंटर उघडला की त्या आधी भट्टीवाल्या काकांना फोन करतात आणि सोन्याचा भाव विचारतात. काकांची भट्टी तिथून तीन दुकानं पुढे आहे, हाक मारली तरी ऐकू जाईल. भाव फोनवर लिहिलेला दिसतो, हेही मी त्यांना सांगितलं. "दिसतो ना," त्या म्हणतात, "पण काका सांगतात तेव्हा त्यांची तब्येत पण कळते." काका भाव सांगतात, मग गुडघ्याचं सांगतात, मग त्या आपल्या गुडघ्याचं सांगतात. गिऱ्हाईक आलं तरी थांबत नाहीत. मी मग खुणेने गिऱ्हाइकाला स्टुलावर बसायला सांगते आणि त्याचा फोन उघडते.